राणीच्या पायांवर तांब्याभर पाणी

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. एका दमात गड चढायचा, एका दिवसात लढाई जिंकायचा. पण रोजचं काम म्हटलं, की त्याच्या कपाळाला आठ्या. "उद्या बघू," म्हणायचा.

त्याच्या दारी एक मांत्रिक न्याय मागायला आला. त्याची विहीर कुणी बुजवली होती. राजा म्हणाला, "उद्या या." असे शंभर उद्या झाले. एकशेएकाव्या दिवशी मांत्रिकानं बागेतल्या कुमुदाराणीकडे बोट केलं. राणी उभी होती तिथंच दगड झाली. राज्यातले कोंबडे आरवेनासे झाले.

राजानं मांत्रिकाचे पाय धरले. मांत्रिक म्हणाला, "रोज उगवतीला विहिरीवर जा. स्वतःच्या हातानं तांब्याभर पाणी शेंद, तिच्या पायांवर घाल. भोवतीचं झाडून काढ. नावानं एकदा हाक मार. तीन कामं, वर्षभर. खाडा पडला की पहिल्यापासून."

"एवढंच?" राजा हसला. तिथंच तो चुकला, बघा.

चाळीस दिवस पाणी घातलं, मग शिकारीला गेला. खाडा पडला. पुढच्या खेपेला सेवकाला धाडलं, तर तांब्यातलं पाणी वाटेतच आटलं. मग राजानं वर्षाच्या घागरी एका दिवसात रित्या केल्या. बागेत चिखल झाला, दगड नुसता ओला झाला. पुन्हा आरंभ, पुन्हा खाडा. असं करता करता राजाची दाढी पिकली.

एका सकाळी दगडी राणीच्या खांद्यावर साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "महाराज, आरंभाला तुम्ही भारी शूर हो!"

"थट्टा करू नकोस, पाखरा. मी एका दिवसात वर्षाचं पाणी घातलंय."

"वर्षाचं जेवणही एका पंगतीत उरकता का?"

राजानं मान खाली घातली. "मग करू काय?"

"वर्षाचं नाव काढू नका. सकाळी तोंड धुता ना?"

"धुतो. सेवक पाणी आणतो."

"आजपासून तुम्ही शेंदा. पहिला तांब्या राणीला, दुसरा तोंडाला. राणीचं झाल्याशिवाय तोंड धुवायचं नाही."

"आणि कंटाळा आला तर?"

"तर दरबारात पारोसे बसा."

राजाला हसू आलं. फार वर्षांनी आलं. तो उठला आणि विहिरीवर गेला.

दुसऱ्या दिवशीही गेला. ताप चढला तेव्हा भिंत धरून गेला. काही दिवसांनी पाय आपले आपण वळायला लागले. विहिरीच्या वाटेवर गाऱ्हाणी घेऊन माणसं बसायची. राजा परतताना रोज एकाचं ऐकायचा, आणि ते त्याच दिवशी निकालात काढायचा. मांत्रिकाची विहीर सगळ्यात आधी उपसून दिली.

वर्ष भरलं. राजानं पाणी घातलं, झाडलं, हाक मारली, "कुमुदे!"

कोंबडा आरवला. दगडाला घाम फुटला, आणि राणीनं डोळे उघडले. वीस वर्षांची होती तशीच. वेणीतली जाईसुद्धा सुकली नव्हती.

समोर तांब्या घेतलेला म्हातारा बघून तिनं पदर सावरला. "आजोबा, जरा महाराजांना बोलवा ना. आत्ता इथंच होते."

राजानं तांब्या खाली ठेवला. "मीच गं."

राणी जवळ आली. त्या पिकल्या दाढीत तिनं आपला माणूस शोधला, आणि तिला तो सापडला. राजानं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतकं अवघड होतं का हो काम?"

"काम वर्षाचं होतं," राजा म्हणाला. "आरंभ करण्यातच आयुष्य गेलं."

शाप सुटला. राज्याची घडी बसली, दारी आलेल्याला त्याच दिवशी न्याय मिळू लागला. राजाराणी सुखानं नांदली. राजाची उरलेली चार वर्षं नांदली. राजानं पहिल्याच वर्षी काम पुरं केलं असतं, तर चाळीसही नांदली असती.