किर्रूचा अंधार सांडला

मला गोष्टी येत नाहीत. मी गाड्यांची कुशनं शिवतो. पण आमची सून सुमित्रा म्हणते, पोरं माझं ऐकत नाहीत, तुम्हीच सांगा. वर म्हणते, लिहूनही द्या, मी रोज वाचून दाखवीन. शाळेत मी दोन वर्षं गेलो. त्यातलं एक खिडकीबाहेर बघण्यात गेलं. तरी लिहितो. मधे कुणी पाणी मागायचं नाही.

एक होती निळी गाडी. खूप जुनी. गोल गोल डोळ्यांची. माझ्या दुकानासमोर उन्हात उभी असायची.

गाडीत होता डॅशबोर्ड. म्हणजे स्टिअरिंगच्या पुढची लांब फळी. डॅशबोर्डखाली राहायचा एक रातकिडा. हरभऱ्याएवढा. नाव त्याचं किर्रू.

रातकिड्याला गायला अंधार लागतो. डॅशबोर्डखाली होता चिमूटभर अंधार. किर्रू त्यात बसायचा. पंख घासायचा. किर्र किर्र. किर्र किर्र.

एक दिवस ऊन तापलं. डॅशबोर्ड तापला. तड तड तडाक. ही एवढी भेग पडली. भेगेतून ऊन आत आलं. अंधार सगळा सांडून गेला.

किर्रूनं पंख घासले. गाणं निघेना. पुन्हा घासले. निघेना.

निघाला किर्रू. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. आला कुशनवाल्याकडे. कुशनवाला म्हणजे मीच. तेव्हाही असाच होतो.

"काय रे किर्रू, का आलास?"

"आजोबा, आजोबा,
भेग मिटेना,
अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?
भेगेवर रेक्झिन चढवा ना."

मी म्हणालो, "चढवीन की. पण माझी कात्री बोथट. लोणीसुद्धा कापत नाही. जा धारवाल्याकडे. आधी धार, मग रेक्झिन."

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. किर्रू गेला बाबालाल धारवाल्याकडे. बाबालाल चाकाला टेकून बसला होता.

"काय रे किर्रू, का आलास?"

"मामा, मामा,
कात्री कापेना,
भेग मिटेना,
अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?
कात्रीला धार लावा ना."

बाबालाल म्हणाला, "सकाळपासून चहा नाही. पाय चालत नाहीत, तर चाक कसं चालेल? जा आक्काकडे. आधी चहा, मग धार."

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. किर्रू गेला चहावाल्या सगुणाआक्काकडे.

"काय रे किर्रू, का आलास?"

"आक्का, आक्का,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
भेग मिटेना,
अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?
मामाला चहा द्या ना."

आक्का म्हणाली, "कशाचा चहा? पातेलं बघ, कोरडं ठणठणीत. जा शेळीकडे. आधी दूध, मग चहा."

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. किर्रू गेला शेळीकडे. शेळी शेवग्याखाली उभी होती. तोंड वाकडं करून.

"काय रे किर्रू, का आलास?"

"शेळीताई, शेळीताई,
चहा उकळेना,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
भेग मिटेना,
अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?
आक्काला दूध द्या ना."

शेळी म्हणाली, "बेंऽऽ. पाला तिकडं वर. तोंड माझं इकडं खाली. सांग त्या शेवग्याला. आधी पाला, मग दूध."

किर्रूनं मान वर केली. वर, वर, आणखी वर.

"काय रे किर्रू, का आलास?" शेवगा म्हणाला.

"शेवगादादा, शेवगादादा,
दूध निघेना,
चहा उकळेना,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
भेग मिटेना,
अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?
शेळीताईला पाला द्या ना."

शेवगा म्हणाला, "मी आपणहून हलत नाही. मला वारा हलवतो. तो बघ, त्या टायरात झोपलाय. आधी वारा, मग पाला."

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. किर्रू गेला टायराकडे. आत वारा गोल गोल झोपलेला.

"काय रे किर्रू, का आलास?"

"वारेबुवा, वारेबुवा,
पाला पडेना,
दूध निघेना,
चहा उकळेना,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
भेग मिटेना,
अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?
शेवगादादाला हलवा ना."

वाऱ्यानं एक डोळा उघडला. "गाणं ऐकल्याशिवाय मी उठत नाही. आधी गाणं, मग वारा."

आता आली का पंचाईत? गाणं तर किर्रूकडे नव्हतंच. आधी अंधार, मग गाणं.

किर्रू परत फिरला. टुणुक. थांबला. टुणुक. थांबला. आक्काच्या टपरीशी आला आणि बसून राहिला.

"का रे, तोंड एवढंसं का झालं?" आक्का म्हणाली.

"आक्का, आक्का,
वारा उठेना,
पाला पडेना,
दूध निघेना,
चहा उकळेना,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
भेग मिटेना,
अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?"

आक्का म्हणाली, "अंधार पाहिजे होय तुला? मग आधी नाही सांगायचं?"

"मघाशीच सांगितलं की," किर्रू म्हणाला.

"माझं लक्ष चहावर होतं, बाबा." आक्कानं रिकामं पातेलं उचललं. किर्रूवर पालथं घातलं. थप्प.

पातेल्यात काय? अंधार. मस्त, काळा, गार. किर्रूनं पंख घासले. किर्र किर्र. पातेलं घुमलं. किर्रर्र किर्रर्र.

गाणं ऐकून वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ.
वाऱ्यानं फांदी हलली. सळसळ सळसळ.
फांदीवरून पाला पडला. भुरुभुरु भुरुभुरु.
शेळीनं पाला खाल्ला. करम करम.
शेळीनं दूध दिलं. चुर्र चुर्र.
आक्कानं पातेलं उचलून चहा केला. बुडबुड बुडबुड.
बाबालाल चहा प्याला. फुर्र फुर्र.
बाबालालनं चाक फिरवलं. खर्र खर्र.
माझी कात्री लखलखली.

मग मी भेगेत स्पंज भरला. वर चिकट सोल्युशन लावलं. रेक्झिन कापलं, कच कच. ताणून बसवलं, कडा आत दाबल्या. डॅशबोर्ड नव्यासारखा. कोपऱ्यात तेवढी तिळाएवढी फट ठेवली. किर्रूला दार नको का?

किर्रू लगेच आत गेला नाही. आधी सगळ्यांकडे गेला. टुणुक टुणुक.

"वारेबुवा, उपकार झाले." वारा लाजून पुन्हा टायरात शिरला.

"शेवगादादा, उपकार झाले." शेवगा म्हणाला, "शंभर जणांनी शेंगा नेल्या. असं कुणी म्हणालं नव्हतं."

"शेळीताई, उपकार झाले." "बेंऽऽ," शेळी म्हणाली. तोंड भरलेलं होतं.

"आक्का, उपकार झाले. मामा, उपकार झाले." आक्कानं बशीत चहाचा एक थेंब ठेवला. बाबालालनं चाकाची घंटी वाजवली. टिंग.

मग माझ्याकडे आला. "आजोबा, उपकार झाले."

मी म्हणालो, "माझे कसले? तीन महिने कात्री बोथट होती. आळसानं पडून होती. तू आलास म्हणून धार लागली. तुझेच उपकार. जा आता, गा."

किर्रू फटीतून आत गेला. आत त्याचा चिमूटभर अंधार परत आला होता. बसला. पंख घासले. किर्र किर्र. किर्र किर्र. आम्ही सगळ्यांनी काम थांबवून ऐकलं. फार बरं वाटलं.

संध्याकाळी गाडीचा मालक आला. आत बसला. कान टवकारले. म्हणाला, "कुशनवाले, स्क्रू ढिला ठेवलात. डॅशबोर्ड वाजतोय."

मी म्हणालो, "स्क्रू नाही, रातकिडा आहे. गातोय."

म्हणाला, "मला शिकवू नका. काम कच्चं आहे तुमचं."

मग घरी नेऊन त्यानं सगळे स्क्रू तपासले. सगळे घट्ट निघाले. आत किर्रू मजेत गात होता. पण मला येऊन "चुकलो" असं तो अजून म्हणालेला नाही. तो म्हणजे वसंतराव इंगवले.