ओला कागद

एकदा एका गावात एक वृद्ध कारागीर राहत असे. जुन्या लग्नपत्रिकांपासून तो शुभेच्छापत्रे बनवी. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून ती कचऱ्यात टाकायला कोणाचा हात धजत नाही. लोक गठ्ठेच्या गठ्ठे त्याच्या ओसरीवर आणून ठेवत. गणपतीचे चित्र तो अलगद कापून बाजूला ठेवी. उरलेला कागद भिजवून, कुटून त्याचा लगदा करी आणि जाळीवर नवा कागद उचली.

त्याच्याकडे एक प्रौढ शिष्या शिकायला येई. एके दिवशी तिने स्वतःच्या मुलीच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका आणल्या.

"अण्णा, यांचं एक कार्ड करायचंय. माझ्या मावशीसाठी."

"मावशी कुठे असते?"

"पुलापलीकडे. गावातच."

"गावात असून कार्ड?"

शिष्येने मान खाली घातली. आई गेल्यावर याच मावशीने तिला वाढवले होते. मुलीच्या लग्नात शिष्येने साऱ्या गावाला घरोघरी जाऊन अक्षता दिल्या. मावशीकडे मात्र, 'ती तर घरचीच' म्हणून, शेजाऱ्याच्या हाती पत्रिका धाडली. मावशी लग्नाला आली नाही. त्यानंतर शिष्येने टपालाने सुरेख कार्डे पाठवली. उत्तर नाही. आता मावशी थकली होती. हा अबोला असाच राहून गेला तर, ही भीती शिष्येला खात होती.

वृद्धाने पत्रिका भिजत घातल्या. लगदा तयार झाला. शिष्येने त्यात झेंडूच्या पाकळ्या मिसळल्या, कागद उचलला, फडक्यावर पालथा घातला. ती तो वाळत टाकणार, इतक्यात वृद्धाने फडक्यासकट कागद पाटावर ठेवून पाट तिच्या हाती दिला.

"जा, असाच नेऊन दे."

"अहो, पाणी निथळतंय! वाळू दे, दोन ओळी लिहिते..."

"आत्ताच. आणि आडवा धर, नाहीतर फाटेल."

अण्णांना झाले तरी काय, याचा विचार करीत ती निघाली. बाजारात कोणी विचारले, "काय वहिनी, पापड वाळत घालायला निघालात?" मावशीच्या दाराशी पोहोचली, तर कडी वाजवायला हात मोकळा नाही.

"मावशी, दार उघड गं! माझे हात अडकलेत."

दार उघडले. मावशीने पाटाकडे पाहिले.

"का? टपाल बंद पडलं वाटतं?"

शिष्येने पाट पुढे केला. "ओला आहे गं. उन्हात ठेवावा लागेल."

"मग ठेव अंगणात. आणि राखत बस, कावळे टोचतील."

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "चहात साखर अजून तेवढीच घेतेस ना?"

दुसऱ्या दिवशी शिष्या ओसरीवर आली. "अण्णा, कार्डावर लिहायचं राहूनच गेलं. पण ओला कागद का दिलात?"

वृद्ध म्हणाला, "वाळलेला कागद कोणाच्याही हाती पाठवता येतो. तो पोहोचतो, आपण पोहोचत नाही. ओला स्वतःच न्यावा लागतो, आणि वाळेपर्यंत तिथे बसावं लागतं. मावशीला पत्रिका मिळाली होती गं, तू मिळाली नव्हतीस."

शिष्येने जाळी उचलून लगद्यात बुडवली.

"बरं, माझा पाट कुठाय?" वृद्धाने विचारले.

"मावशीने ठेवून घेतला. म्हणाली, न्यायला तूच ये. कोणाला पाठवू नकोस."

ज्यांना 'घरचेच' म्हणून आपण स्वतः जाऊन बोलावत नाही, त्यांच्या दाराशी कधीतरी दोन्ही हात गुंतवून उभे राहावे.