आभाळवाडीची काठी

फार फार वर्षं झाली, किती ते मोजत बसू नका. घाटमाथ्यावर कारंबीचं खोरं आहे ना, तिथं तेव्हा सहा वाड्या होत्या. वाड्या म्हणजे तरी काय, इथं चार खोपटी, पार पलीकडच्या डोंगराला दोन. अशा विखुरलेल्या माणसांचा कारभार चालायचा कसा, ते आधी ऐका. खोऱ्याच्या मधोमध, एका कड्याच्या पायथ्याशी, एक सपाट खडक होता. काही ठरवायचं असलं की पाटील हाळी द्यायचा. ती हाळी एका कड्यावरनं दुसऱ्या कड्यावर जायची आणि वाडीमागं एक माणूस काठी घेऊन खडकावर यायचं. खडकावर काठी टेकवायची आणि हो किंवा नाही म्हणायचं. एका वाडीनं जरी नाही म्हटलं, तरी काम थांबायचं. आणि दिवस मावळेपर्यंत जी वाडी आलीच नाही, तिचा हो धरायचा. वाटा लांबच्या, कुणासाठी किती थांबणार, म्हणून ही सोय.

सगळ्यांत उंच ती आभाळवाडी. तिथली माणसं एकेक करत खाली उतरली आणि मागं राहिली एकटी कोंडाबाई. लोक म्हणायचे, अगं, ये की खाली. ती म्हणायची, "मी आले तर वाडीच्या वतीनं बोलंल कोण?" मोठी हट्टी बाई! पण धुक्याला मात्र भारी भ्यायची. तिचा नवरा धुक्यातच कड्यावरनं दरीत गेला होता. धुकं उतरलं की ती दाराला आडणा लावून आत बसायची. बाहेरून कुणी हाका मारल्या तरी उघडायची नाही.

तर अशाच एका धुक्याच्या दिवशी हाळी आली. "उंबरवाडीत मरी शिरली होऽऽ! खिंड बंद करायची! खडकावर या!"

मरी म्हणजे साथीचा रोग, घरंच्या घरं उठवणारा. कोंडाबाईची एकुलती लेक साळू उंबरवाडीला दिलेली, लेकुरवाळी. खिंड बंद करायची म्हणजे झाडं पाडून उंबरवाडीची वाट बुजवायची आणि पलीकडून कुणी आलं तर गोफणीनं हाणायचं. ना आत पाणी जायचं, ना दाणा. आणि उंबरवाडीत उठून उभं राहायला कोण होतं, की काठी घेऊन खडकावर येईल? कुणी येणार नाही म्हणजे त्यांचाही हो धरणार. आपल्याच मरणाला हो! कोंडाबाईनं आडणा काढला, काठी घेतली आणि ती धुक्यात उतरली.

असं म्हणतात, तसलं धुकं त्या खोऱ्यानं पुन्हा पाहिलं नाही. हात पुढं केला तर हात दिसेना. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि कोणतं अंग कोणतं तेच कळेना. काठी टेकवली की खाली दगड आहे हे कळायचं, मग पाऊल. मधेच काठी नुसती खाली जायची, जातच राहायची, आणि बाई जागच्या जागी थिजायची. दरीतून कुणीतरी तिला नाव घेऊन हाक मारत होतं, अगदी तिच्या नवऱ्याच्या आवाजात, असं म्हणतात. "साळू, साळू," एवढंच पुटपुटत ती पुढं सरकत राहिली.

अखेर खालून माणसांचे आवाज आले. ती खडकाच्या बरोबर वर, कड्याच्या कपारीत पोचली होती. पण उतरायची वाट वळसा घालून जाणारी. धावजी पाटलाचा आवाज तिनं ओळखला.

"काळोखी आली. दिवस गेला म्हणायचा. आभाळवाडी आली नाही, हो धरा. उंबरवाडी आली नाही, हो धरा. चला, कुऱ्हाडी घ्या."

"नाही!" कोंडाबाई ओरडली. "आभाळवाडी नाही म्हणतीया!"

धुक्यातून आवाज आला, माणूस दिसेना. भल्याभल्यांची बोबडी वळली.

"कोंडा, तूच हायस का?" धावजीनं वर बघत विचारलं. "खाली ये बाई. काठी टेकवल्याबिगर बोलणं धरता यायचं न्हाई."

"वळसा घालून येते. तवर थांबशील?"

कुणीतरी म्हणालं, "थांबू नगा, मरी थांबती व्हय?" आणि कुऱ्हाडी उचलल्याचा आवाज झाला.

कोंडाबाई त्या काठीवर भार टाकूनच उभी होती. पायाखाली शेवाळलेला दगड, दुसरा आधार नाही. तिला सगळं कळत होतं बरं का. तिनं काठी उचलली आणि खाली सोडून दिली.

असं म्हणतात, ती काठी खडकावर आपटली नाही, पडली नाही. त्या काळ्या फत्तरात हातभर रुतली आणि सरळ उभी राहिली. वरून एकदाच हाक आली, "नाही म्हणतीया!" मग पलीकडच्या दरीत दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

तेवढ्यात धुकं फाटलं. आणि बघतात तो काय! सूर्य अजून डोंगराच्या वर होता. दिवस मावळलाच नव्हता.

धावजीच्या हातातली कुऱ्हाड गळून पडली. त्या संध्याकाळी पाण्याच्या घागरी आणि पेजेची मडकी घेऊन तोच सगळ्यांच्या पुढं खिंडीतून उंबरवाडीत गेला. काही माणसं दगावली, काही वाचली. साळू आणि तिची पोरं वाचली. कोंडाबाईला मात्र दरीत किती शोधलं, ती सापडली नाही.

तेव्हापासून रीत फिरली. जी वाडी आली नाही, तिचा हो कुणी धरत नाही. पाटलानं उठायचं, त्या वाडीला जायचं आणि विचारून यायचं. आता पाटील गेले, सहा वाड्यांची मिळून ग्रामपंचायत झाली, तरी सरपंचाला ती पायपीट चुकलेली नाही. सरकारी दप्तरात आभाळवाडी बेचिराख, म्हणजे ओस पडलेली, म्हणून लावली आहे, तिथं चिटपाखरू राहत नाही. पण ग्रामसभेत शिपाई सगळ्यांत आधी तिचंच नाव पुकारतो. तालुक्याहून नवा साहेब आला की हसतो. तेव्हा उंबरवाडीचं कुणीतरी काठी टेकत उठतं आणि म्हणतं, "आभाळवाडी हाय. इचारा."