उलट्या तारांची गिटार

वसईचे इनास लोपीस तरुणपणी रॉकी राजे या गायकाच्या बँडमध्ये गिटार वाजवत. पोस्टरवर मात्र तीच गिटार राजेंच्या गळ्यात असे, आणि बँड मोडला तेव्हा ती त्यांच्याकडेच राहिली. पुढे पुण्यात रॉक संगीताचे कीर्तिदालन निघाले. त्याच्या समितीत अकरा सदस्य होते, पण गिटार धरता येणारा एकही नव्हता. दालनातल्या मानकऱ्यांत घ्यावे, हा लोपीसांचा अर्ज समितीने तीनदा नाकारला.

चौथ्यांदा लोपीस स्वतःच गेले. दालनात राजे अभिप्रायाच्या वहीत सही करत होते. शेजारी काचेच्या पेटीत ती गिटार होती आणि खाली पाटी होती, ‘राजेंनी अजरामर केलेली गिटार’.

अध्यक्ष खर्डेकर म्हणाले, “लोपीस, मागे उभे राहणारे पुष्कळ असतात हो. तुम्ही वाजवल्याचा पुरावा काय?”

“साहेब, हिच्या तारा डावखुऱ्यासाठी उलट्या लावल्यात. मी डावखुरा. राजेसाहेब आत्ता उजव्या हाताने सही करतायत. त्यांनी हिच्यावर चार सूर वाजवावेत, मी अर्ज फाडून टाकतो.”

राजेंचे मनगट एकाएकी दुखू लागले.

खर्डेकर घाईघाईने म्हणाले, “बरं बरं, घेऊ तुम्हाला आत.”

“आत मी उद्घाटनापासूनच आहे, साहेब,” लोपीस म्हणाले. “पाटीवरचं तेवढं नाव बदला.”