पाठ मोकळी हवी

फार पूर्वी, एका टेकडीवर सोमा पाथरवट दगडी पायऱ्या रचत होता. खालच्या दगडाच्या मागच्या कडेवर तो वरचा दगड टेकवी.

एक गुळगुळीत दगड फणकारला, "हा खडबडीत गडी माझ्या पाठीवर? जमायचं नाही."

खालची पायरी म्हणाली, "बाबा रे, त्याच्याच भारानं तू जागेवर राहशील."

"ओझ्याची सवय झालेल्यांनी मला शिकवू नये."

"बरं, बस मोकळा," म्हणत सोमाने वरचा दगड त्याच्यामागे जरा सरकवून बसवला.

पहिल्याच म्हशीने पुढच्या कडेवर पाय दिला, तसा तो गुळगुळीत दगड उलटून थेट टेकडीखालच्या ओढ्यात गेला. सोमाने त्याच्या जागी दुसरा दगड बसवला.

ओढ्यातल्या महाराजांच्या पाठीवर आता कुणी बसत नाही. बायका तेवढं धुणं आपटतात.