शाळेत बसलेली माती

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात इराप्पा नावाचा पैलवान राहत होता. कुस्त्या खेळणं हाच त्याचा धंदा होता आणि आसपासच्या मुलखात त्याच्यासमोर कुणी टिकत नसे. गावाला त्याचा फार अभिमान. घराघरातून त्याला दूध जाई. तालमीवर नवी कौलं चढली. आखाड्यासाठी लांबून तांबडी माती येई, तिच्यात ताक, तेल आणि हळद कालवली जाई. "वर्षभराची माती कोरडी राहिली पाहिजे," एवढंच इराप्पा म्हणाला होता. गावच्या पाटलांनी ती शाळेत ठेवली.

पहिल्या वर्षी एक खोली भरली. दुसऱ्या वर्षी दुसरी भरली. शाळेला खोल्या दोनच होत्या.

मुलं देवळाच्या ओवरीत बसू लागली. कुणी नारळ फोडायला आलं की त्यांनी उठायचं. नवं जोडपं पाया पडायला आलं की उठायचं. कुणी गावजेवण घातलं तर त्या दिवशी शाळाच नाही. गुरुजींनी तक्रार केली. पाटील म्हणाले, "बघू." एवढ्या मोठ्या गावात एकाही माणसाला या गोष्टीची लाज वाटली नाही.

दरवर्षी जत्रेच्या आधी इराप्पा मुलांना उपदेश करायला येई. यंदाही आला. फेटा बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "बाळांनो, खूप शिका. मोठे व्हा." इतक्यात एक कुटुंब नवस फेडायला आलं. मुलं पाट्या उचलून उठली.

इराप्पाला राग आला. "मी बोलतोय आणि तुम्ही निघालात?"

चौथीतली भामा म्हणाली, "दादा, आम्हाला रोजच उठावं लागतं. तुमची माती शाळेत बसते आणि आम्ही इथं."

"भामे, गप्प बस!" गुरुजी घाबरून म्हणाले.

ती गप्प बसली नाही. "जत्रा झाली की तपासनीस साहेब येणार आहेत. खोली दिसली नाही तर शाळा बंद करणार आहेत. पोरं जातील नदीपलीकडच्या शाळेत. आम्हा मुलींना कोण पाठवणार? तुम्ही खूप शिका म्हणता. गेल्या वर्षीही म्हणाला होतात."

माती कुठे ठेवली आहे, हे इराप्पाने कधी विचारलंच नव्हतं. न विचारणं सोयीचं होतं.

तो पाटलांकडे गेला. पाटील सुपारी कातरत होते.

"गड्या, गावाचं नाव तू केलंस," ते म्हणाले. "ही पोरं काय करणार आहेत? शेळ्या राखायला बाराखडी लागत नाही."

"पण शाळा बंद पडेल."

"जत्रा होऊ दे. मग बघू. तू आपला खुराक खा आणि कुस्ती मार."

इराप्पा परत आला. पाटलांना दुखवलं तर खुराक बंद होईल, अशी त्याला भीती वाटली. काही दिवस तो तालमीत नुसत्या जोर-बैठका काढत राहिला. अंगात हत्तीचं बळ आणि एका माणसासमोर तोंड उघडेना! ओवरीतली मुलं मात्र रोज उठत होती आणि रोज बसत होती.

जत्रेचा दिवस आला. मैदान माणसांनी फुलून गेलं. हलगी कडाडली. शेवटची कुस्ती चांदीच्या गदेसाठी होती. पाहुणा पैलवान लांग कसून आखाड्यात उतरला. इराप्पा मात्र फेटा आणि सदरा घालून काठावर बसला.

"शाळा रिकामी होईपर्यंत मी मातीत उतरणार नाही," तो म्हणाला.

गर्दी खवळली. "पाहुण्याला बघून पोटात गोळा आला काय रे?" कुणी ओरडलं. "घरी जा, आईच्या पदराखाली बस!"

पाटील धावत आले. "इराप्पा, हरलास म्हणून जाहीर करीन."

"करा." इराप्पा उठून लोकांकडे वळला. "मी हरलो की तुमच्या घरात चूल पेटत नाही. या पोरांची शाळा गेली, तेव्हा तुमच्यातला कोण उपाशी राहिला? माझ्यासाठी दुधाचे हंडे येतात. त्यांना बसायला जागा मिळत नाही. थू तुमच्या अभिमानावर! आणि माझ्यावरही. ती माती माझीच आहे."

गदा पाहुण्याला मिळाली. इराप्पा सरळ शाळेत गेला. काय करतोय ते बघायला गर्दी मागोमाग गेली. त्याने घमेलंभर माती उचलली, पाटलांच्या घरी नेली आणि सोप्यातल्या पांढऱ्या गादीवर ओतली. मग दुसरं घमेलं आणायला वळला.

"अरे, इथं माणसं बसतात!" पाटील किंचाळले.

"शाळेतही माणसंच बसत होती," इराप्पा म्हणाला.

गर्दीत कुणीतरी हसलं. तालमीतली पोरं पुढे झाली आणि त्यांनीही घमेली उचलली. तिसरं घमेलं गादीवर पडायच्या आत पाटलांनी वैरणीच्या कोठाराची किल्ली काढून दिली. कोठार अर्धं रिकामं होतं. इतके दिवस तसंच होतं. दिवस मावळेपर्यंत सगळी माती तिथे गेली.

तपासनीस साहेब आले तेव्हा मुलं दोन्ही खोल्यांत बसली होती. शाळा वाचली.

ते निघून गेल्यावर इराप्पा वर्गाच्या दारात आला. "काय भामे, आता खूश ना? तुमच्यापायी गदा गेली बघ माझी."

भामाने पाटीवरून मान वर केली. "खोली आमचीच होती, दादा."

इराप्पाचं हसू मावळलं. तो दारातून बाजूला झाला. त्याच्या रुंद अंगाने वर्गात येणारा उजेड अडला होता.

तात्पर्य: ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याने मुलांना 'शिका' म्हणण्याआधी त्यांच्या शिक्षणाच्या आड कोण येतं आहे ते पाहावं, आणि आपणच येत असू तर आधी बाजूला व्हावं. मुलांचं होतं ते मुलांना परत देणं, हे उपकार नव्हेत.