मागची बाजू पोहोचेपर्यंत

एकदा एक घर रस्त्याकडेला अडलं. ते चाकांवरचं घर होतं, हल्ली ज्याला मोटरहोम म्हणतात तसं. आत स्वयंपाकाचा छोटा ओटा, न्हाणीघर, आणि एका कुशीत सामावलेली सरकती खोली. गाडी उभी करून बटण दाबून धरलं, की ही खोली कपाटाच्या खणासारखी बाहेर सरकते आणि पलंग उलगडायला जागा होते. निघताना बटण दाबून ती पुन्हा आत घ्यायची. ती बाहेर असेल तर गाडी हलवता येत नाही.

गाडी सांगलीच्या केरकर दांपत्याची होती. विश्वनाथ केरकर दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी शरयू यांना आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला होता. उजवं अंग दुर्बल झालं आणि वाणी मंदावली. शब्द मनात असत, पण ओठांपर्यंत यायला वेळ लागे. दोन तासांहून अधिक त्यांना बसवत नसे, म्हणून केरकरांनी ही गाडी घेतली होती. शिरोड्याला शरयूबाईंची थोरली बहीण, माई, अंथरुणाला खिळली होती. तिला भेटायला दोघं निघाले होते.

आजऱ्याच्या पुढे एका चहाच्या टपरीपाशी केरकरांनी गाडी थांबवली आणि बटण दाबलं. गेले काही दिवस खोली कुरकुरत, रेंगाळत येत होती. आज ती अर्ध्यावरच थांबली. बाहेरही येईना, आतही जाईना.

रस्त्यापलीकडे मकबूल मुजावर यांचं गॅरेज होतं. बस आणि ट्रकच्या बॉड्या बांधण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते; पंचक्रोशी त्यांना वस्ताद म्हणे. त्यांच्या हाताखाली वैजयंता चौगुले दोन वर्षं काम शिकत होती. डिप्लोमा झालेली, हुशार आणि कामाला चपळ. वस्तादांनी खोलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वैजू, तू बघ." मग ते टपरीच्या बाकावर बसले.

खोलीच्या दोन्ही टोकांना एकेक मोटर होती. चालकाकडची, म्हणजे पुढची, बाजू झपझप येत होती. मागची अडत होती. वैजयंताने बॅटरी तपासली. ती भरलेली होती. मग ती मागच्या बाजूला भिडली. रुळात साचलेली तांबडी माती खरवडून काढली, पुसून घेतलं, तेल सोडलं, तारांची टोकं घासली. बटण दाबल्यावर मागची मोटर नुसती घुमली. तासाभराने ती घाम पुसत म्हणाली, "मागची मोटर कमजोर झालीय. नवी मागवावी लागेल. चार दिवस तरी लागतील."

"चार दिवस!" केरकरांचा आवाज चढला. "हिला चार दिवस ठेवू कुठं? अर्ध्या खोलीत पलंगसुद्धा उघडत नाही."

शरयूबाई झाडाखाली खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला... जरा..."

"पाणी हवंय? थांब, देतो." केरकरांनी धावत जाऊन पाणी आणलं. शरयूबाईंनी पेला हातात धरला, प्यायल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "मला... माईला..."

"माईला फोन करतो. पुढच्या महिन्यात येऊ म्हणून सांगतो. तू काळजी करू नकोस."

शरयूबाईंनी ओठ मिटून घेतले. केरकरांच्या बोलण्यात माया होती, यात शंका नाही. घाईही होती.

तेव्हा वस्ताद उठले. अडलेल्या बाजूकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते थेट चालकाकडच्या बाजूला गेले, वाकले, आणि त्या मोटरची तार काढून टाकली.

"वस्ताद, ती बाजू चांगली आहे!" वैजयंता घाबरून म्हणाली. "तीच तर तेवढी चालतेय!"

"म्हणून तर तिच्याकडे आलो," वस्ताद म्हणाले.

त्यांनी हाताने फिरवायची किल्ली लावली आणि ती चांगली बाजू हळूहळू मागे घेऊ लागले. एक बोट, दोन बोटं, चार बोटं. केरकर अस्वस्थ झाले. जेवढी खोली बाहेर आली होती तेवढीही हा मनुष्य आत घालवत होता. दोन्ही टोकं एका रेषेत आल्यावर वस्ताद थांबले. तार पुन्हा जोडली. मग आत जाऊन त्यांनी बटण दाबलं.

खोली सरकली. दोन्ही बाजू चालू लागल्या. पुढची बाजू आधी पोहोचून टेकली, तसे केरकर म्हणाले, "झालं, झालं! सोडा आता."

वस्तादांनी बोट उचललं नाही. मोटर घुमत राहिली. पाच-सहा श्वासांनी मागची बाजूही सावकाश येऊन आपल्या जागी बसली. मगच त्यांनी हात काढला.

"साहेब, तुम्ही रोज बोट कधी उचलता?" त्यांनी विचारलं.

"पुढची बाजू टेकली की. खोली आली असंच वाटायचं."

वस्ताद शांतपणे म्हणाले, "मागच्या मोटरला काही झालेलं नाही. पलंग तिच्या बाजूला, कपाट तिच्या बाजूला. तिच्या वाट्याचं ओझं जास्त, म्हणून ती थोडी मागे राहणारच. तुम्ही बोट उचललंत, की ती होती तिथंच राहायची. रोज नखाएवढं अंतर पडत गेलं. पुढची बाजू पुढे पळत राहिली, खोली तिरकी झाली आणि रुळात आवळली गेली. आपल्याला दिसतं, मागची अडलीय. पण तिला अडवलं होतं पुढचीने. म्हणून आधी पुढचीला मागं आणली. आता एवढंच करा. मागची पोहोचेपर्यंत बोट उचलू नका. नवीन मोटर नको, काही नको."

केरकर त्या बटणाकडे पाहत उभे राहिले. मग झाडाखाली गेले आणि पत्नीच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले.

शरयूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मला..."

केरकरांचे ओठ उघडले. त्यांनी ते मिटले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्यामागून दुसरा गेला. टपरीवाल्याने चहा गाळला.

"मला... माईला... सांगायचंय..." शरयूबाई थांबल्या. केरकरही थांबले. "तुम्ही... रोज... माझे केस... विंचरता. वेणी... घालता. फोनवर... नाही... समोर... बसून... सांगायचंय."

आठ महिन्यांत हे एवढं लांब वाक्य त्यांनी प्रथमच पुरं केलं होतं. केरकरांना वाटत होतं, ही आजारी बहिणीला पाहायला निघाली आहे. ती आपल्या नवऱ्याचं कौतुक सांगायला निघाली होती. त्यांनी तिचा दुर्बल उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

शरयूबाईंनी पलंगावर तासभर विश्रांती घेतली आणि ऊन कलायच्या आत गाडी आंबोलीच्या दिशेने निघाली. ती दिसेनाशी झाल्यावर वैजयंता म्हणाली, "वस्ताद, तुम्हाला फेरी मारतानाच कळलं होतं ना? मग मला तासभर का करू दिलंत?"

"सुरुवात तू केली होतीस. तुझं तुला पुरं करू द्यायला नको?" वस्ताद म्हणाले. "आणि रुळातली माती तू काढलीस म्हणून मागची बाजू इतकी अलगद आली. ते काम वाया गेलेलं नाही."

वैजयंताला आठवेना, की या दोन वर्षांत वस्तादांनी तिच्या हातातला पाना कधी ओढून घेतला होता. यासाठी आपण कधी त्यांचे आभारही मानले नाहीत, हे तिच्या प्रथमच ध्यानात आलं. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वस्ताद संकोचले आणि म्हणाले, "अगं, चहा निवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये शिरोड्याहून फोन आला. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. वैजयंताने ओळखलं. "बोला, काकू," एवढंच ती म्हणाली, आणि हातातलं काम बाजूला ठेवून फोन कानाशी धरून उभी राहिली. पुढचे शब्द काय असतील याचा अंदाज तिला आला होता; पण ते तिने उच्चारले नाहीत.

"पोहोचलो..." शरयूबाई म्हणाल्या. मग पुष्कळ वेळाने, "माई... रडली... मग... हसली."